भिंतींच्या आधी उभी राहिलेली चौकट

मी एक जुनी चौकट आहे. सातपुड्याच्या सागाची, हाताने रंधा मारलेली, आणि आज सकाळपर्यंत धुळ्याच्या एका वसाहतीतील निंबाला टेकून ठरावाची वाट पाहत असलेली. मित्रांनो, अशी वाट पाहण्याची माझी ही दुसरी वेळ आहे. निंब तोच, ठराव करणारे मंडळ तेच, आणि बोलण्याआधी अध्यक्षांनी घसा खाकरण्याची रीतही तीच. मध्ये वीस-बावीस वर्षे गेली, एवढाच काय तो फरक. लाकडाच्या अंगी सहनशीलता असते हे खरे. परंतु सहनशीलतेलाही वाळवी लागते, हे माणसांच्या ध्यानात येत नाही.

माझा जन्म शिरपूरच्या पलीकडे, डोंगराच्या उतारावर झाला. तेथे मी वृक्षाच्या देहात होते. पुढे लाकूड कापले गेले, लाकडाच्या वखारीतून फिरत फिरत धुळ्याला आले आणि चिंधा सुताराच्या हाती पडले. चिंधा सुतार हा मितभाषी मनुष्य. काम सुरू करण्यापूर्वी तो पटाशीला हात जोडत असे. त्याने माझे दोन खांब घडवले, माथ्याची पट्टी घडवली, खाली रुंद उंबरठा घडवला, आणि कुसू खाचेत असे बसवले की सांध्यातून केसही जाऊ नये. "ही पहिली," तो स्वतःशीच म्हणाला, "हिच्या मापानं बाकीच्या." त्या क्षणी मला वाटले, माझे आयुष्य आता सार्थकी लागणार. मी भोळी होते.

मला घडवून घेतले होते 'पांझरा निवारा मंडळा'ने. हे मंडळ म्हणजे कोणी सरकार नव्हे की सावकार नव्हे. गरिबाला परवडेल असे घर मिळावे आणि घराबरोबर वस्तीही नांदती व्हावी, या हेतूने चार सद्गृहस्थांनी उभारलेली ती संस्था होती. नदीकाठच्या झोपड्या उठल्या, तेव्हा तेथील कुटुंबांसाठी मंडळाने गावाबाहेर जागा मिळवली. अध्यक्ष होते लीलाधरभाऊ. निवृत्त शिक्षक, धोतर स्वच्छ, अंतःकरण त्याहून स्वच्छ. दोष एकच. सभा बोलावल्यावाचून त्यांना पाण्याचा घोटही घेता येत नसे.

मंडळाचा नियम मोठा उदात्त होता. सर्वांनी मिळून सर्वांची घरे बांधायची, आणि घरे पूर्ण झाल्यावर चिठ्ठ्या टाकून ती वाटायची. आपले घर कोणते हे कोणालाच ठाऊक नसले, म्हणजे प्रत्येक भिंत प्रत्येकजण आपलीच समजून रचील, हा त्यामागचा विचार. नियम ऐकून सर्वांनी टाळ्या वाजवल्या. जोती भराभर उठली. बायकांनी टोपल्या वाहिल्या, पुरुषांनी कामावरून सुटल्यावर दगड फोडले. हे सारे मी पाहिले, कारण तोवर मला आणून या निंबाला टेकवले होते.

आणि नेमके माझ्यापाशी येऊन सारे अडले.

मित्रांनो, घर बांधताना जोत्यावर प्रथम चौकट उभी करतात, तिला टेकू देतात, आणि मग तिच्या दोन्ही अंगांनी भिंत वर चढते. चौकट उभी राहिल्याशिवाय भिंत नाही. आणि चौकट उभी करताना घरच्या लक्ष्मीने तिची पूजा करायची, ही आपल्याकडची रीत. आता घर कोणाचे हेच ठाऊक नाही, तर घरची लक्ष्मी कोण? हा प्रश्न काढला तोताराम हमालाने.

"भाऊ," तो सभेत उठून म्हणाला, "ज्या चौकटीले मनी बायको हयद-कुकू लाई, ते घर दुसराले गयं तं? आनि माले बिगर पूजानी चौकट उनी तं?"

देवचंद एस.टी.च्या कार्यशाळेत काम करी. ते कुटुंब बौद्ध. तोही शांतपणे उठला. "आमना घरमां आम्ही वंदना लेतस. हयद-कुकू लायेल चौकट चिठ्ठीमां आम्हले उनी तं काय करानं? आम्हले तुम्हनी रीत मोडनी नही, भाऊ, पन आम्हनी बी शे ना."

दोघांचेही म्हणणे खरे होते. कोणी कोणावर रागावले नव्हते. अशा वेळी चार शहाण्या माणसांनी बसून चहा घेता घेता वाट काढावी, इतकीच ती गोष्ट. परंतु लीलाधरभाऊंनी घसा खाकरला आणि विषय पुढील सभेवर ठेवला. पुढील सभेने तो एका उपसमितीकडे दिला. उपसमितीला सवड होईना. हिवाळा गेला, होळी गेली, आणि मी निंबाला टेकून राहिले. माझ्यावर गोधड्या वाळत पडल्या. कोणाची तरी शेळी माझ्या खांबाला बांधली गेली, आणि तिने माझ्या अंगावर शिंगे घासण्याचा आनंद मनसोक्त लुटला. पोरांनी माझ्या पोकळीतून चेंडू मारण्याचा खेळ काढला. ज्या उंबरठ्यावर सांजवात तेवायची, त्यावर बसून सभासद विड्या ओढीत आणि माझ्याविषयीच चर्चा करीत. संताप येई, पण चौकटीला बोलता येत नाही, हा माणसांचा केवढा लाभ आहे!

माझ्याइतकाच त्रागा त्या वस्तीत आणखी एका जिवाचा होत होता. तिचे नाव झुंबरबाई. विधवा बाई, डाळ मिलमध्ये डाळ निवडायची. तिची एकुलती एक लेक प्रमिला आदल्या वर्षी शिरपूरला दिली होती. त्या वेळी नदीकाठची झोपडी होती. लेक त्या दारातून सासरी गेली. आता झोपडी उरली नव्हती. झुंबरबाई जोत्यांच्या कडेला तट्ट्यांच्या आडोशात दोन कुटुंबांबरोबर राहत होती. त्या आडोशाला दार म्हणावे असे काही नव्हते. पोत्याचा पडदा होता.

आणि आखाजी जवळ आली होती. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. सासुरवाशिणींच्या मनात त्या दिवसाचे स्थान काय असते, हे बाहेरच्याला सांगून कळायचे नाही. वर्षभर लेक त्या एका सणाकडे डोळे लावून असते. माहेरचा कोणी मुराळी होऊन न्यायला येतो, लेक माहेरच्या दारात उतरते, आई तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकते, मग झोके आणि गाणी. लग्नानंतरची पहिली आखाजी ज्या लेकीची चुकली, तिला सासरी वर्षभर ऐकून घ्यावे लागते. प्रमिलेच्या सासूने तर आधीच ऐकवले होते, "माहेर शे, ते ठीक. पन दार शे का?"

झुंबरबाईला भाऊ नव्हता, मुलगा नव्हता. मुराळी म्हणून कोण जाणार? तेव्हा देवचंद म्हणाला, "मी जास. मी काय भाऊ नही का तुना?" त्याची बायको वच्छलाबाई हिने त्याचा सदरा धुऊन दिला, आणि हा सज्जन मनुष्य आखाजीच्या आठवडाभर आधी शिरपूरला आमंत्रण द्यायला गेला.

संध्याकाळी तो परतला तो अवघडलेल्या चेहऱ्याने. निंबाखालीच, माझ्यासमोर, त्याने सांगितले. प्रमिलेची सासू लिलाबाई हिने विचारले होते, दार कसले आहे. देवचंद सरळ मनाचा. त्याला मी आठवले. तो म्हणाला होता, "सागनी चौकट शे, आत्याबाई. अशी चौकट गावमां सापडाव नही." त्यावर लिलाबाई म्हणाली होती, "मंग मी सोता येस पोरले सोडाले. दखस."

वच्छलाबाईने कपाळावर हात मारला. "देवा रे! भिती नही, छत नही, आनि चौकट सांगी उनात?"

"मी काय खोटं सांगं?" देवचंद कळवळून म्हणाला. "सागनी चौकट शे, सांगं. भिती शेतस का, हाई तिनी इचारंच नही!"

झुंबरबाई दुसऱ्या दिवशी लीलाधरभाऊंकडे गेली. एक चौकट तेवढी उभी करा, म्हणाली. भाऊंचे मन द्रवले. त्यांचे मन नेहमीच द्रवत असे. त्यांनी सभा बोलावली. सभेत पूजेचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून निघाला, आणि उपसमितीचा अहवाल येईपर्यंत कोणतीही चौकट उभारू नये असे ठरले. झुंबरबाई मागे उभी होती. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तेथूनच म्हणाली, "भाऊ, तुम्हनी मिटिंग सरी तवलोंग मनी पोरले पोरे व्हई जातीन."

सभा हसली. आणि उठली. मी हसले नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी चिंधा सुतार आला. जमिनीला पाय लागून राहिल्याने माझ्या पायाशी वाळवीची माती चढू लागली होती. तो चिडला. त्याने वाळवी झाडली, निंबाशेजारी चूल मांडून डांबर तापवले आणि माझी पाठ, म्हणजे भिंतीत दडायची बाजू, आणि दोन्ही कडा डांबराने माखल्या. "ऊन खाऊ द्या, हात लावू नका," एवढे बजावून तो जेवायला गेला.

तो गेला, आणि झुंबरबाई आली. तिच्यामागे वच्छलाबाई, तिच्यामागे तोतारामची बायको, आणि मग तट्ट्यांच्या आडोशातल्या साऱ्या बायका. झुंबरबाई माझ्यापुढे उभी राहिली. तिच्या हातात हळद नव्हती, कुंकू नव्हते. एका पितळी तांब्यात पाणी आणि पदराच्या टोकात बांधलेली भाकर, एवढेच तिच्याजवळ होते.

"पूजा करानी नही," ती म्हणाली. "कोनीच नही. मनी पोर येई ऱ्हायनी, तिले दार जोयजे. धरा व."

"डांबर ओलं शे, झुंबर," वच्छलाबाई म्हणाली.

"माहीत शे."

वच्छलाबाईने क्षणभर आपल्या तळहातांकडे पाहिले. मग नऊवारीचा काष्टा खोचला. "मंग तू मव्हरे धर. मी मांगे."

आणि त्यांनी मला उचलले. साग जड असतो. माझ्या पाठीला तळवे चिकटत होते, सुटताना डांबराची तार निघत होती, बांगड्या काळ्या होत होत्या, कोणी हसत होती, कोणी शिव्या देत होती. कितीतरी महिन्यांनी मी जमिनीवेगळी झाले. शेळीच्या शिंगांखाली जिचा जन्म गेला असता, ती मी जोत्यावर चढले! त्यांनी मला जोत्याच्या पूर्वेकडे उभे केले, बांबूचे टेकू लावले. माझ्या डावीकडे आकाश, उजवीकडे आकाश, मागे पांझरा नदीच्या बाजूने येणारा गरम वारा. भिंत एकही नाही. पण मी उभी होते, आणि उभी असलेली चौकट म्हणजे दारच.

दुपारी लिलाबाई आली. उंच, ताठ बाई, हातात पिशवी, मागे प्रमिला, आणि तिच्यामागे, त्यांना आणायला गेलेला, खाली मान घातलेला देवचंद. लिलाबाई जोत्यासमोर थांबली. तिने मला पाहिले. माझ्या आजूबाजूचे मोकळे आकाश पाहिले. काळ्या हातांच्या बायका पाहिल्या.

"इहीनबाई," ती म्हणाली, "भिती कोठे शेतस?"

झुंबरबाईचा चेहरा उतरला नाही. "भिती मांगेथून येतीन. पहिले दार लागस."

मित्रांनो, त्या जोत्यावर कोठूनही चढता येत होते. डावीकडून या, उजवीकडून या, अडवणारे काहीच नव्हते. लिलाबाई एक शब्द बोलून मागे फिरली असती, तर शिरपुरात त्या लेकीला मान वर करता आली नसती, आणि लिलाबाईला दोष देणाराही कोणी भेटला नसता. माझ्या सांध्यांत जणू प्राण गोळा झाला होता.

झुंबरबाईने प्रमिलेवरून भाकरतुकडा ओवाळला, तो बाजूला टाकला, तिच्या पायांवर पाणी घातले. प्रमिला रडत रडत माझ्यातून आत आली. आणि मग लिलाबाईने काय करावे? तिने चपला काढल्या. पदर डोक्यावर ओढला. माझा माथा तिच्यापेक्षा चांगला हातभर उंच होता, तरी खऱ्या घरात शिरताना वाकावे तशी ती वाकली, जोते चढताना आधारासाठी तिने माझा खांब धरला, उंबरठ्यावर पाय न देता तो ओलांडला आणि आत, त्या उघड्या आकाशाखाली, येऊन बसली.

"पानी द्या मंग," ती म्हणाली. "दूरथून उनूत."

तिने पाण्यासाठी हात पुढे केला, तर तळवा काळाकुट्ट! वच्छलाबाई खो खो हसली. "तुम्हनाबी हातले लागनं, आत्याबाई! आते तुम्हीबी आम्हना मंडळमां!"

एवढ्यात लीलाधरभाऊ सभासदांसह धावत आले. त्यांनी घसा खाकरला. मंडळाचा ठराव मोडला गेला होता; चौकशी होणे प्राप्त होते. "ही चौकट कोणी उभी केली?" त्यांनी विचारले. "ज्यांनी केली असेल त्यांनी हात वर करावेत."

सभेत मत घेण्याची त्यांची तीच रीत होती, दुसरी त्यांना ठाऊक नव्हती. आणि हात वर झाले. झुंबरबाईचा, वच्छलाबाईचा, तोतारामच्या बायकोचा, साऱ्यांचे. काळे हात. शेवटी पाहुणी लिलाबाई हिनेही आपला हात वर केला. तोताराम आपल्या बायकोच्या तळव्याकडे बघत राहिला आणि मग डोके खाजवू लागला. इतक्यात माझा एक टेकू सरकला. मी कलले. लीलाधरभाऊ सर्वांत जवळ होते. त्यांनी पुढे होऊन मला दोन्ही हातांनी सावरले, आणि त्यांचे स्वच्छ तळवे माझ्या पाठीला चिकटले.

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिले. मग हळूच त्यांनीही एक हात वर केला.

पूजेचा प्रश्न पुन्हा निघाला नाही. पुढील प्रत्येक चौकट साऱ्या वस्तीने उचलली, आणि वस्तीतली कोणीतरी लेक तिच्यातून पहिल्यांदा चालत गेली. ज्यांना पुढे आपापल्या घरी पूजा करायची होती त्यांनी ती केली, ज्यांना वंदना घ्यायची होती त्यांनी ती घेतली. पावसाळ्याआधी माझ्या दोन्ही बाजूंनी भिंती चढल्या. चिठ्ठ्या निघाल्या. माझे घर आले देवचंद-वच्छलाबाईला, आणि झुंबरबाईला मिळाले मागच्या आळीतले शेवटचे. ती त्याच दिवशी आपल्या घरी गेली, जाताना माझ्या खांबावर हात ठेवून गेली. पुढे दर आखाजीला प्रमिला प्रथम माझ्यापाशी येई, वच्छलाबाई तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळी, आणि मगच ती आईच्या घरी जाई. तिला एक तरी माहेर उरते की नाही अशी धास्ती होती. तिला दोन मिळाली.

ते माझ्या सन्मानाचे दिवस. मग तेलरंगाचे थर आले, खिळे आले, दिनदर्शिका लटकल्या, विजेच्या तारा माझ्या अंगावरून ओढल्या गेल्या. ते मी मनावर घेतले नाही. वापर म्हणजे प्रेमच. परंतु गेल्या हिवाळ्यात मंडळाने वस्ती सुधारण्याचा संकल्प केला. लाकडाला वाळवी लागते, म्हणून सर्व घरांना लोखंडी चौकटी बसवाव्यात. निंबाखाली सभा भरली. मी भिंतीतून पाहत होते. "मंजूर असेल त्यांनी हात वर करावेत." हात वर झाले. बहुतेक सारे नव्या पिढीचे होते. सारे हात स्वच्छ होते.

आणि मला उपटून या निंबाला टेकवले, तोंड खोडाकडे आणि पाठ जगाकडे करून. जुन्या चौकटींचे काय करावे, हा विषय दोनदा पुढे ढकलला गेला आहे. कोणी म्हणते लिलाव करा, कोणी म्हणते होळीला द्या, कोणी म्हणते कार्यालयात स्मारक करा. आणि या निंबाच्या समोर, रस्त्यापलीकडे, मंडळाच्या नव्या वसाहतीची जोती तयार होऊन पडली आहेत. त्यांच्या लोखंडी चौकटी अजून आलेल्या नाहीत. तेथेही तट्ट्यांच्या आडोशात बायामाणसे राहत आहेत. त्यांच्याही लेकी असतील. हे दोन प्रश्न शेजारी शेजारी उभे आहेत, आणि इतक्या विद्वान सभासदांपैकी एकालाही ते एकमेकांशेजारी दिसत नाहीत! काय म्हणावे?

आज आखाजीची प्रमिला आली. देवचंदच्या नव्या दारापाशी तिचा हात नेहमीप्रमाणे उचलला गेला आणि लोखंडापाशी थबकला. "काकू, चौकट कोठे गई?" वच्छलाबाई तिला निंबाकडे घेऊन आली. मागून काठी टेकत झुंबरबाई आली.

प्रमिलेने माझ्या पाठीवरचा चुन्याचा पापुद्रा नखाने काढला. तो सुटला, आणि त्याखाली उमटलेले तळवे दिसू लागले. डांबरात कायमचे रुतलेले, एकावर एक, बोटे फाकलेली. भिंतीच्या अंधारात इतकी वर्षे मी ते जपले होते. झुंबरबाईने एका ठशावर आपला हात ठेवला. ठसा मोठा होता. हात आता त्याहून लहान झाला होता.

तिने रस्त्यापलीकडच्या जोत्यांकडे पाहिले. "वच्छला," ती म्हणाली, "धर व."

वच्छलाबाईने काष्टा खोचला. प्रमिलेने पिशवी खाली ठेवली. बायका जमू लागल्या, पलीकडच्या आडोशातल्याही. तेवढ्यात काठी टेकीत लीलाधरभाऊ आले. त्यांनी घसा खाकरला. मी मनात म्हटले, झाले! आता सभा.

भाऊंनी माझ्या पाठीवरचे ठसे न्याहाळले. त्यांत कोठेतरी त्यांचे स्वतःचे दोन होते. मग त्यांनी काठी निंबाला लावून ठेवली.

"मी डावीकडून धरू का?" त्यांनी विचारले.

मित्रांनो, हे मी तुम्हाला सांगत आहे ते त्यांच्या खांद्यांवरून, रस्ता ओलांडता ओलांडता. पलीकडच्या जोत्यावर मी जाईन की वाटेत कोणाला उपसमिती आठवेल, हे मला ठाऊक नाही. पण तुम्हाला एकच विनवणी आहे. प्रत्येक जुन्या वस्तूला एक पाठ असते, जी कोणी पाहत नाही. टाकून देण्यापूर्वी ती एकदा वळवून पाहा. तेथे कोणाचे हात उमटले असतील. आणि कृपा करून, त्यासाठी सभा बोलावू नका.